बेटावरील घरगुती विहिरी व उन्हाळ्यातील पाण्याची पातळी

विहिरीचे पाणी उन्हाळ्यात खाली गेले म्हणजे काय करावे, हे देशावरील शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. चैत्र-वैशाखात तळ दिसू लागला की तो गाळ उपसतो, सुरुंग लावून विहीर चार-सहा फूट खोल नेतो आणि खडकाच्या भेगेतून नवा झरा फुटण्याची वाट पाहतो. काळ्या पाषाणाच्या प्रदेशात हा उपाय पुष्कळदा फलद्रूप होतो. समुद्राने वेढलेल्या लहान बेटावर मात्र हाच उपाय केला असता विहिरीत पाणी येते ते खारे येते आणि एकदा खारावलेली विहीर लवकर गोडी होत नाही. त्यामुळे बेटावरील विहिरीचे शास्त्र निराळे आहे.

हे शास्त्र समजून घेण्यास लक्षद्वीपचे उदाहरण उत्तम होय. महाराष्ट्रातील वाचकासही ते परके वाटण्याचे कारण नाही. कोकणात समुद्र व खाडी यांच्यामधील पुळणीवर ज्या वाड्या वसल्या आहेत, तेथील वाळूतील उथळ विहिरी बऱ्याच अंशी याच नियमाने चालतात. विहिरीचे पाणी फाल्गुनात मचूळ होऊ लागते, ही तक्रार तेथील ग्रामसेवकाच्या कानी दरवर्षी येत असेल.

केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे २०० ते ४४० किलोमीटर पश्चिमेस अरबी समुद्रात लक्षद्वीपची बेटे पसरली आहेत. सर्व ३६ बेटे मिळून जमीन भरते ती अवघी ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडील एखाद-दुसऱ्या मोठ्या गावाच्या शिवाराएवढी. वस्ती मुख्यतः दहा बेटांवर असून २०११ च्या जनगणनेत ती ६४,४७३ होती. म्हणजे दर चौरस किलोमीटरला सुमारे दोन हजार माणसे झाली. बेटे प्रवाळाची, म्हणजे पोवळ्यांच्या चुन्याची व त्यांच्या चुऱ्याच्या वाळूची बनलेली आहेत. त्यांची उंची समुद्रसपाटीपासून थोडेच मीटर आहे. डोंगर नाही, नदी नाही, ओढाही नाही. पडणारा पाऊस वाळूत तत्काळ मुरतो. माडाखेरीज मोठे पीक नाही आणि जवळजवळ प्रत्येक घराच्या अंगणात एक उथळ विहीर असते. पिणे, रांधणे, धुणे, आंघोळ ही सर्व कामे पिढ्यान्‌पिढ्या या विहिरींवर झाली आहेत.

येथे वर्षाकाठी साधारण १५०० ते १६०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातील मोठा भाग जून ते सप्टेंबर या नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात येतो व नंतरही डिसेंबरपर्यंत काही सरी येतात. जानेवारी ते एप्रिल हे चार महिने मात्र आकाश कोरडे असते. हेच दिवस विहिरींच्या कसोटीचे होत.

गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर कसे राहते

चहूबाजूंनी समुद्र, वाळू सच्छिद्र आणि तरीही मधल्या विहिरीत गोडे पाणी! हे नवल अनेकांना वाटते. काही जणांची अशी समजूत असते की वाळू समुद्राचे पाणी गाळते व त्यातील मीठ काढून टाकते. ही समजूत निखालस चुकीची आहे. वाळूने गढूळपणा जाईल, पण पाण्यात विरघळलेले मीठ जाणार नाही. विहिरीत येणारे पाणी समुद्राचे नव्हेच, ते पावसाचे आहे.

पावसाचे पाणी हलके व समुद्राचे पाणी जड असते. एक लिटर गोड्या पाण्याचे वजन एक किलोग्रॅम, तर एक लिटर समुद्रजलाचे वजन सुमारे १ किलो २५ ग्रॅम भरते. वाळूत मुरलेले पावसाचे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तेल तरंगावे तसे तरंगत राहते. फरक एवढाच की तेल पाण्यात मिसळत नाही आणि गोडे पाणी खाऱ्यात हळूहळू मिसळते. या गोड्या पाण्याच्या साठ्याचा आकार भिंगासारखा, किंवा मसुराच्या दाण्यासारखा असतो. तो मध्यभागी जाड असून किनाऱ्याकडे निमुळता होत जातो. म्हणून किनाऱ्यालगतची विहीर आधी खारावते व बेटाच्या मध्यावरची शेवटी.

आता वजनाचा हिशेब पाहावा. ४० सेंटिमीटर उंचीच्या समुद्रजलाच्या स्तंभास तोलण्यासाठी ४१ सेंटिमीटर गोडे पाणी लागते. याचा अर्थ असा की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ सेंटिमीटर असेल, तर समुद्रसपाटीखाली गोडे पाणी सुमारे ४० सेंटिमीटरपर्यंत असते. हा नियम हॉलंडमधील बाडोन घेयबेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व जर्मनीतील हेर्झबर्ग यांनी उत्तर समुद्रातील बेटांच्या पाणीपुरवठ्याचा विचार करताना १९०१ साली स्वतंत्रपणे मांडला. शास्त्रीय ग्रंथांत तो त्या दोघांच्या नावांनी ओळखला जातो.

या नियमातच बेटावरील कुटुंबाचे हित व अहित साठविलेले आहे. समजा, एखाद्या विहिरीतील पाणी सरासरी समुद्रसपाटीच्या ३० सेंटिमीटर वर आहे. मग तेथे खाली १२ मीटरपर्यंत गोडे पाणी असावयास हवे. उन्हाळ्यात ही पातळी फक्त ५ सेंटिमीटर, म्हणजे चार बोटांहून कमी, उतरली तर खालून गोड्या पाण्याचा थर २ मीटरने चढतो. वरून पाहणारास चार बोटांचा फरक दिसतो, तळाशी मात्र सुमारे पुरुषभर पाणी गेलेले असते. प्रत्यक्षात हिशेब याहूनही कडक आहे, कारण गोडे व खारे यांच्यामध्ये रेघ ओढल्यासारखी सीमा नसून मचूळ पाण्याचा एक जाड पट्टा असतो. भरती-ओहोटीची रोजची हालचाल हा पट्टा घुसळत राहते. पिण्याजोगे पाणी त्या पट्ट्याच्या वर जेवढे असेल तेवढेच. शिवाय प्रवाळ बेटांच्या वाळूखाली जुना, पोकळ्यांनी भरलेला चुनखडक असतो. त्यातून समुद्र मोकळेपणाने ये-जा करतो व भिंगाची जाडी तेथेच अडते.

विहिरीतील पातळीवर विसंबू नये, असे म्हणण्याचे कारण यावरून ध्यानात येईल. देशावरच्या विहिरीत जे पाणी दिसते तो आपला साठा. बेटावरच्या विहिरीत मात्र साठ्याचा वरचा काठ तेवढा दिसतो.

भरती-ओहोटी व पातळीचे मोजमाप

बेटावरील विहिरीचे पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते. समुद्राला भरती आली की भिंगाखालचे खारे पाणी वर सरकते व त्याबरोबर वरचे गोडे पाणी उचलले जाते. विहिरीतील चढ समुद्रातील चढापेक्षा कमी असतो व काही वेळाने येतो. किनाऱ्याजवळच्या विहिरींत तो अधिक असावा अशी अपेक्षा असते, परंतु प्रवाळ बेटांवर मध्यावरील विहिरीही चांगल्याच हलतात. वर सांगितलेल्या पोकळ खडकातून भरतीचा दाब थेट खालून येतो, हे त्याचे कारण होय.

याचा परिणाम असा की, ज्याने जानेवारीत भरतीच्या वेळी विहीर मोजली व फेब्रुवारीत ओहोटीच्या वेळी मोजली, त्यास पाणी झपाट्याने आटत आहे असे वाटेल. उलट केले तर उन्हाळ्यात पाणी वाढले असा भ्रम होईल! रोज सकाळी आठ वाजता मोजले तरीही चूक टळत नाही, कारण भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते.

यावर किनाऱ्यावरील लोकांच्या नित्याच्या अनुभवातच उपाय आहे. कोळी व खारवी भरतीचा हिशेब तिथीवर करतात. अमावास्या व पौर्णिमा या दिवशी उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. अमावास्येस ज्या वेळी ओहोटी पूर्ण होते, त्याच सुमारास पौर्णिमेसही होते. म्हणून विहीर मोजण्याचा दिवस तारखेने न ठरविता तिथीने ठरवावा. दर अमावास्येस व पौर्णिमेस एकाच ठरलेल्या वेळी, शक्यतो विहिरीतील पाणी सर्वांत खाली असते तेव्हा, मोजणी करावी. ही खालची वेळ शोधण्यासाठी पहिल्या दिवशी दर तासाला एकदा, असे दहा-बारा तास, पाणी मोजून ठेवणे पुरेसे आहे.

मोजण्याची रीत साधी आहे. विहिरीच्या कठड्यावर रंगाने एक कायम खूण करावी. त्या खुणेपासून वजन बांधलेली टेप सोडून पाण्यापर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये वहीत लिहावे. मोजण्यापूर्वी दोन-तीन तास त्या विहिरीतून पाणी काढलेले नसावे. बेटावर पाच सेंटिमीटरना महत्त्व असल्याने ‘अंदाजे हातभर’ अशी नोंद निरुपयोगी ठरते.

पातळीबरोबर खारेपणाचीही नोंद हवी, किंबहुना ती अधिक महत्त्वाची आहे. जिभेचा भरवसा धरू नये. पाणी रोज किंचित खारट होत गेले तर घरच्या माणसांस ते कळत नाही, पाहुण्यास मात्र पहिल्या घोटात कळते. पाण्याची विद्युतवाहकता मोजणारा खिशात मावणारा मापक आता सहज मिळतो व गावास असा एक पुरतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात दर लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड असणे इष्ट मानले आहे. दुसरा स्रोत नसल्यास १००० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे असे त्यात म्हटले आहे. समुद्राच्या पाण्यात हे प्रमाण सुमारे १९,००० असते. म्हणजे ९५ घागरी पावसाच्या पाण्यात ५ घागरी समुद्राचे पाणी मिसळले की ती शंभर घागरींची विहीर पिण्याच्या शेवटच्या मर्यादेवर येऊन ठेपते. एवढ्या थोड्या भेसळीने नासणारी ही वस्तू आहे.

पाणी घटते कसे

कोरड्या दिवसांत भिंग तीन वाटांनी झिजते. पहिली वाट समुद्राची. कोणी एक घागरही काढली नाही तरी गोडे पाणी किनाऱ्याकडे सतत वाहत असते. ओहोटीच्या वेळी पुळणीवर जेथे वाळू ओली राहून बारीक पाझर वाहताना दिसतात, तेथे पुष्कळदा हेच पाणी असते. ही झीज कोणालाही थांबविता येत नाही. दुसरी वाट झाडांची. माडाची मुळे उथळ पाण्यापर्यंत सहज पोहोचतात व एक मोठा माड उन्हाळ्यात रोज काही दशक लिटर पाणी शोषून हवेत सोडतो. माड तोडावेत असा याचा अर्थ नव्हे, कारण बेटाचे पोट त्यावर आहे. परंतु विहिरीच्या अगदी कडेला माडांची दाटी करू नये, एवढे पाळता येईल. तिसरी वाट माणसाची, आणि हाती असलेली तेवढी हीच.

बादली व दोर यांनी पाणी काढीत असत तेव्हा ही तिसरी वाट अरुंद होती. दीड मीटर व्यासाच्या विहिरीत एक सेंटिमीटर उंचीचे पाणी म्हणजे सुमारे १८ लिटर. दहा लिटरांची बादली काढली तर पातळी अर्ध्या सेंटिमीटरनेच उतरते. दुसरी बादली टाकीपर्यंत आजूबाजूच्या वाळूतून तेवढे पाणी परत येते. खालच्या खाऱ्या पाण्यास हा उपसा जाणवतही नाही.

वीज आली, पंप आले आणि घराच्या छतावर टाकी आली. बायकांचे कष्ट वाचले, ही गोष्ट लहान नव्हे, व पंप काढून टाका असे सांगणारा कार्यकर्ता लोकांच्या विश्वासास पात्र राहणार नाही. पण पंपाचा गुण ओळखून तो वापरला पाहिजे. घरगुती पंप तासाला हजार-दोन हजार लिटर पाणी सहज खेचतो. हजार लिटरांची टाकी एका दमात भरली, तर पाझर मुळीच नसता तर वरील विहिरीचे पाणी ५६ सेंटिमीटर उतरले असते. प्रवाळ वाळूतून पाणी लवकर येते म्हणून उतार त्याहून कमी, समजा २० सेंटिमीटर, राहतो. पण वरच्या नियमाने २० सेंटिमीटरच्या उताराखाली खारे पाणी ८ मीटर वर येऊ पाहते. उलट्या नरसाळ्याच्या किंवा वारुळाच्या आकाराने ते नेमके त्या विहिरीखालीच चढते. ही उसळी पुरती येण्यास वेळ लागतो हे खरे. तथापि पंप रोज चालतो, शेजारच्या दहा घरी चालतो आणि नळ उघडा राहून टाकी भरून वाहते तेव्हा तो गरज नसतानाही चालतो.

पंप थांबल्यावर विहिरीतील पातळी थोड्याच वेळात पूर्ववत होते व घरमालकास वाटते की पाणी भरपूर आहे. खाली चढलेले खारे पाणी मात्र इतक्या लवकर उतरत नाही. उतरताना ते गोड्या पाण्यात मिसळून जाते व मचूळ पट्टा जाड करून ठेवते. पातळी तीच व पाणी खारे, अशी जी विहीर आढळते ती या रीतीने तयार झालेली असते.

म्हणून पंप लहान घ्यावा, तो थोडा थोडा वेळ व दिवसातून अनेकदा चालवावा आणि मध्ये विश्रांती द्यावी. पंपाचे शोषण तोंड तळाशी न सोडता पाण्याच्या पृष्ठभागाच्या थोडेच खाली, तरंगत्या डब्यास बांधून ठेवावे. वरचे पाणी सर्वांत गोडे असते. त्यामुळे पाणी फार उतरले तर पंप हवा ओढू लागतो व मालकास इशाराही मिळतो. गावास एकत्र पाणी द्यावयाचे असेल तर एका खोल विहिरीवर मोठा पंप बसविणे सर्वांत वाईट. त्याऐवजी पाण्याच्या वरच्या थरात छिद्रे पाडलेले नळ आडवे गाडून लांबवर पसरलेल्या क्षेत्रातून थोडे थोडे पाणी गोळा करतात. प्रशांत महासागरातील किरिबाती देशाच्या तारावा बेटावर बोनरिकी येथे अशा आडव्या नळांची योजना आहे.

विहीर खोल नेऊ नये

आता आरंभीच्या मुद्द्याकडे वळू. एप्रिलमध्ये ओहोटीच्या वेळी विहिरीचा तळ उघडा पडला, तर बेटावरील माणसासही खोदावेसे वाटते. त्याने खोदले की पाणी लागते, कारण समुद्रसपाटीखाली गेल्यावर पाणी लागणारच. पहिले काही दिवस ते गोडेही असते. परंतु प्रत्येक फुटाबरोबर विहिरीचा तळ मचूळ पट्ट्याच्या जवळ जातो आणि खोल विहिरीत पातळी अधिक उतरविता येत असल्याने उपसाही वाढतो. विहिरीचा तळ सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीखाली हात-दोन हात असावा, त्याहून अधिक नको. पाणी कमी पडत असेल तर विहीर खोल करण्याऐवजी रुंद करावी, किंवा काही अंतरावर दुसरी उथळ विहीर पाडावी. कूपनलिका तर लहान बेटावर घेऊच नये.

जोराने उपसण्याचा मोह आणखी एका प्रसंगी होतो, तो समुद्राचे पाणी जमिनीवर येऊन विहिरी भरल्यावर. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत मालदीवमधील अनेक बेटांवर व श्रीलंकेच्या किनाऱ्यावर असे घडले. श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर मदतीस आलेल्या पथकांनी सद्‌हेतूने विहिरी पुनःपुन्हा उपसून स्वच्छ करण्याचा सपाटा लावला. चिखल, कचरा निघाला तोवर ठीक होते. पण मीठ काढण्यासाठी केलेल्या वारंवार उपशाने खालचे खारे पाणी वर येऊ लागले आणि पुढे तज्ज्ञांना असा उपसा थांबविण्याची सूचना द्यावी लागली. विहिरी शेवटी सुधारल्या त्या पावसाने, सावकाश. अशा प्रसंगी विहीर एकदा साफ करून निर्जंतुक करावी व गोडी होण्याचे काम पावसावर सोपवून तोवर पिण्याचे पाणी बाहेरून आणावे.

सांडपाण्याविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, प्रवाळ वाळू पाणी जितक्या सहज मुरविते तितक्याच सहज घाणही मुरविते. शौचकूप व विहीर यांत अंतर कमी असेल तर उन्हाळ्यात, पाणी थोडे असताना, दोष अधिक तीव्र होतो. असे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये. उकळल्याने रोगजंतू मरतात, मीठ मात्र जात नाही.

छपरावरील पाऊस व समुद्रापासून गोडे पाणी

विहिरीवरील भार हलका करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग घराच्या छपरावर पडतो व वाया जातो. ५० चौरस मीटर छपरावर १६०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ८०,००० लिटर. गळती व पहिल्या सरीचे पाणी सोडले तरी ६०,००० लिटर हाती येण्यास हरकत नाही. ते सर्व साठविण्याचा विचार करू नये, तेवढी टाकी परवडणार नाही. पाच माणसांच्या घरास केवळ पिणे व रांधणे यांसाठी दरडोई १० लिटर धरले तर रोज ५० लिटर, म्हणजे जानेवारीपासून १५० दिवसांस ७,५०० लिटर लागतात. एवढ्या क्षमतेची, झाकण घट्ट बसणारी टाकी असली की त्या घराचे पिण्याचे पाणी उन्हाळाभर विहिरीवर अवलंबून राहत नाही. टाकी भरून वाहू लागली की वरचे पाणी विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडावे. रस्त्याने समुद्रात जाऊ देऊ नये.

दुसरा मार्ग यंत्राचा. कवरत्ती बेटावर २००५ साली चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने समुद्रापासून गोडे पाणी करणारा कारखाना उभारला. समुद्राचे वरचे कोमट पाणी कमी दाबात सोडले की त्यातील काही भागाची वाफ होते. साडेतीनशे मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने ती वाफ निववून गोडे पाणी मिळवितात. २०११ साली मिनिकॉय व आगत्ती येथे व पुढे इतर बेटांवरही असे कारखाने निघाले. ही योजना कौतुकास्पद आहे. तरीही हिशेब करून पाहावा. कवरत्तीचा कारखाना सुरू झाला तेव्हा त्याची क्षमता रोज एक लाख लिटर होती आणि २०११ साली त्या बेटावर सुमारे ११ हजार लोक होते. माणशी ९ लिटर पाणी झाले. ते पिण्यास व रांधण्यास पुरेल. पण जल जीवन मिशनने २०१९ साली खेड्यांसाठी माणशी ५५ लिटरचे प्रमाण ठरविले. त्यातील उरलेले ४६ लिटर त्याच अंगणातल्या विहिरीतून यावयाचे असतात. यंत्र आले म्हणून विहीर सुटली नाही.

विहिरी सोडून दिल्यावर काय होते, ते मालदीवच्या राजधानीवरून दिसते. दाट वस्तीच्या माले बेटावरील जमिनीखालचे गोडे पाणी अतिउपशाने व घाणीने निकामी झाले आणि सारे शहर समुद्रापासून केलेल्या पाण्यावर आले. डिसेंबर २०१४ मध्ये तेथील कारखान्यास आग लागताच लक्षावधी वस्तीच्या शहरात पिण्याचे पाणी उरले नाही. भारताने विमानांनी व नौदलाच्या जहाजांनी पाणी पोहोचविले.

परसबागेचे पाणी

विहिरीच्या पाण्यावर उन्हाळी भाजी करणाऱ्यांनी पिकाकडे पाहून विहिरीची पारख करावी. घेवडा, फरसबी ही पिके खारेपणास सर्वांत आधी बळी पडतात, केळीच्या पानांच्या कडा करपतात, माड मात्र पुष्कळ सोसतो. घेवडा सुकू लागला तेव्हा माड हिरवा आहे म्हणून निश्चिंत राहू नये. भाजीस व केळीस शक्य तो न्हाणीचे पाणी द्यावे. आळ्यात नारळाची सोडणे उताणी पुरून वर झावळ्यांचे आच्छादन घालावे. त्याने ओल टिकते व पाण्याच्या पाळ्या लांबविता येतात. खारट पाणी देणे भागच पडले तर ते पानांवर न शिंपडता बुंध्याशी द्यावे.

कोकणच्या पुळणीवरील गावांत ग्रामसेवकांनी निदान पाच-सहा विहिरी निवडाव्यात. त्यांतील एक समुद्राकडची, एक खाडीकडची व बाकीच्या मधल्या असाव्यात. मार्गशीर्षापासून ज्येष्ठापर्यंत त्यांची तिथीवार पातळी व खारेपणा लिहून ठेवावा. वही ग्रामपंचायतीत सर्वांस पाहता येईल अशी ठेवावी. ज्या विहिरीचा खारेपणा पंधरवड्यामागून पंधरवडा चढत असेल तिच्यावरील पंप त्या हंगामापुरता बंद करून बादली लावण्यास मालकाचे मन वळविणे, मग वहीच्या आधारे सोपे जाते. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की विहिरीची पातळी चटकन वर येते व सर्वांस हायसे वाटते. परंतु मचूळ पट्टा खाली दाबला जाण्यास पुढचे कित्येक आठवडे लागतात. तेव्हा सलग दोन नोंदींत खारेपणा उतरलेला दिसेपर्यंत पंप पूर्ववत चालू करू नये.